जांभळी बोटं

निनहायड्रिन लागलं तरी बोटं आधी काही बोलत नाहीत.
संध्याकाळी सुरसागरच्या काठानं सायकल हाकताना
नखांच्या कडेनं रंग उमटू लागतो,
आणि दांडिया बाजारात सुटे पैसे घेताना भाजीवाली विचारते,
"बेन, जांबू खाधां?"
बारमाही जांभळं खाणारी बाई मी.
हळदीकुंकवाला खासगीवाले काकू
वाण देता देता थबकल्या होत्या माझ्या हातांपाशी.
हातमोज्यांचा एकच जोड होता विभागात,
तो सल्फ्यूरिक ॲसिडसाठी राखलेला.

एकतीस वर्षं एकाच गोष्टीपाठी:
ल्यूसिन मोडतं कसं.
म्हणजे कॅन्सरवर का? नाही.
मधुमेहावर? नाही हो.
पांढऱ्या उंदराच्या यकृतात एक विकर असतं,
बर्फाबाहेर वीस मिनिटंसुद्धा टिकत नाही,
आणि फतेगंजची वीज बरोबर दोनला जायची.

शनाभाई पिंजऱ्यांची राखण करायचे.
मंगळवारी, कापायच्या दिवशी,
पहाटेच येऊन उंदरांना गूळ घालायचे.
"अहो, माझे आकडे चुकतात त्यानं."
"बेन, तमारा आंकडा तो काले पण आवशे."
तीन वर्षांचे मंगळवार
आलेखावर अजून रेषेपासून लांब उभे आहेत.
प्रबंधात मी कारण लिहिलं: अज्ञात.

शरीर साखर साठवतं, चरबी तर किती साठवतं,
अमिनो आम्लाला मात्र कोठार नाही.
लागेल तेवढं विणायचं,
उरलं ते त्याच दिवशी मोडायचं.
हे दर जूनमध्ये नव्या तुकडीला सांगायचे,
आणि घरी जाऊन
जुनी पत्रं वर्षवार दोऱ्यात बांधत बसायचे.

उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात
मोठ्या दवाखान्यातून पाठवलेली एक बाई आली,
पादऱ्याची, रेवा पढियार.
पिशवीत बाळाचा लंगोट.
म्हणाली, कढईच्या तळाला गूळ लागावा तसा वास येतो.
तिकडचे डॉक्टर हसले होते.
मी लंगोट नाकाशी नेला.
वीस वर्षं तो वास मी वाचत होते फक्त;
पुस्तकात तो कुठल्याशा परदेशी झाडाच्या पाकाचा होता.
कढई कुणी लिहिली नव्हती.

कागद रात्रभर ब्यूटेनॉलमध्ये टांगला.
सकाळी तो वाळत असताना ती आलीच,
छातीशी मोकळी पिशवी धरून.
"आ तो कोरुं छे," म्हणाली,
आणि मी वळेपर्यंत पंजा ठेवला त्यावर.
फवारा. भट्टी. पाच मिनिटं.
वर, सगळ्यांच्या पुढे पळालेलं ल्यूसिन,
त्याला चिकटून आयसोल्यूसिन,
मागे रेंगाळणारं व्हॅलिन,
एवढे गडद ठिपके मी कधी पाहिले नव्हते.
आणि शेजारी
चार बोटं, एक अंगठा, शंखचक्रांसकट जांभळी.
घामातही तेच असतं. मला माहीत होतं.
पण असं आमनेसामने
कुणी पाहिलं होतं?

नाव सापडलं. दूध नव्हतं.
ते डब्यातलं दूध विलायतेहून यायचं होतं,
परवान्याला तीन महिने.
बाळ बाराव्या दिवशी गेलं,
गच्च्यांवरून लोक "काप्यो छे" ओरडत होते.
मी लाल पेन्सिलीनं कागदावर लिहिलं:
दूषित. पुन्हा करणे.
पुन्हा केलं नाही.

आज कपाट रिकामं करून द्यायचंय.
अकरा शोधनिबंध, त्यातला एक अजून कुणीतरी विचारतं.
बाटल्यांवरची माझी अक्षरं मलाच लागत नाहीत.
तळाशी तो कागद.
ठिपके विटलेत, बोटंही विटलीत,
दोन्हींचा रंग आता चहाच्या डागासारखा.
यादी करणारी मुलगी, नवी, हातात निळे मोजे,
पेन उघडून विचारते:
"मॅडम, नमुना कुणाचा लिहू?"